बाई जहाजावरच हायत

— नाय हो दादा, बाई नाय आल्या, मी एकलीच आले, सांगते ना, आधी बसा तरी — ती खुर्ची नको, तिचा पाय लटपटतो, इथं ओट्यावर टेका. मुंबईपास्नं कळंबपर्यंत गाडी हाणत आलात, ते पण मंगळवारी, कामाच्या दिवशी, म्हंजे तसंच काहीतरी असणार. फाईल ना? फाईल बाईंपाशी. आणि बाई कुठं, तर जहाजावर. आता ह्यात माझा काय दोष? तुमीच पाठवलंत, मनोजदादा. आईला सफर घडवतो बोललात — बालीपास्नं निघायचं, अठरा दिवस बेटं बघत बघत पार वर जपानच्या बंदराला लागायचं, नागासाकी, बघा, पाठ हाय मला — आणि तिथं दहा दिवस हॉटेलात आराम. शहात्तर वर्सांच्या बाईला कंपनी एकटी घेत नाय, म्हणून सोबतीला गोदा. माझा पासपोर्ट काढलात, पोलीस आला चौकशीला, मालोजीला इचारतो, तुमच्या बायकोची वागणूक कशी हाय — आणि आमचा नवरा गप. इचार करतोय! सत्तावीस वर्सं संसार करून इचार करतोय! शेवटी बोल्ला, 'बरी हाय.' त्या 'बरी'वर मी परदेशी गेले.

तर वरच्या बंदराला उतरलो, आणि बाई बोलल्या, गोदा, हॉटेलात बसून मी काय भिंती बघू? मी ह्याच जहाजानं परत खाली जाते, तू विमानानं घरी जा. झालं. — आं? एकटी घेत नाय, खरं हाय तुमचं. पण ते पहिल्या खेपेला. दुसऱ्या खेपेला माणसांची वळख झालेली असते ना. — तो आवाज? मालोजी हाय मागं. भांडी घासतोय. घासतो आताशा, मी नव्हते तवा शिकला.

पण जहाज काय होतं, दादा! मला वाटलेलं, वर नाचगाणी, पत्ते, पोहायचा टँक — तसलं काय नाय. सगळी पांढऱ्या केसांची गोरी माणसं, शंभर-सव्वाशे, गळ्यात दुर्बिणी, सकाळी सहाला तयार. रोज एक बेट, रबराच्या होडीनं जायचं. कुठं माडच माड, कुठं नुसते पक्षी, एका बेटावर तर माणूस नावाला नाय, तरी गोरे लोक खूश. आणि उतरायच्या आधी बूट धुवायचे, कपडे झटकायचे, कारण काय, तर आपल्या गावचं बी त्यांच्या बेटावर पडायला नको. एक पोरगी चिमटा घेऊन बसायची. माझ्या साडीच्या काठातनं तिनं सतरा कुसळं काढली, सतरा! ही इथली, दादा, तुमच्या विहिरीकडच्या बांधावरची, एवढा समुद्र ओलांडून आलेली. एकेक काढून पाकिटात घातलं, वर नंबर टाकला. मी बोलले, बाय गं, आमच्याकडं ये, घमेलं भरून देते. तिला काय कळतंय, हसली.

आणि होडी काठाला लागतच नाय. गुडघाभर पाण्यात उडी टाकायची, खाली चिखल. ते लोक काठ्या घेऊन, दोघं दोघं हात धरून, तरी एक पडला की मागचे चार पडायचे. मी कासोटा मारला आणि चालायला लागले — चिखलातनं कसं चालायचं ते आमाला कोण शिकवणार? टाच टेकवायची नाय, बोटं रोवायची. तिसऱ्या बेटापास्नं तो होडीवाला सायेब मलाच पुढं काढायचा आणि बाकीच्यांना सांगायचा, हिच्या मागनं या. मी पुढं आणि माझ्या मागं चाळीस गोरे, भाताच्या लावणीला निघाल्यासारखे! बाई होडीतनं बघून हसून हसून बेजार. — फाईलचं सांगते हो, तिकडंच चाललेय मी. दम धरा की जरा.

बिल्ल्यांचं तर तुमाला सांगितलंच पायजे. जहाजातनं उतरायच्या दाराशी एक फळी होती, तिच्यावर सगळ्यांचे नंबराचे बिल्ले टांगलेले. बेटावर जाताना आपला बिल्ला फिरवायचा, तांबडी बाजू वर. परत आलात की हिरवी. म्हंजे बेटावर कोण राहिलं ते कळतं. हे मला नीट समजावून सांगितलेलं, इंग्रजीतनं. तर एका सकाळी बाईंचा गुडघा धरला म्हणून आमी गेलो नाय. मी फिरत फिरत त्या दाराशी आले, बघते तर अर्धे बिल्ले तांबडे, अर्धे हिरवे, काय ते दिसणं! अठरा वर्सं तुमचं घर राखतेय, दादा, वाकडी चप्पल दिसली तरी माझा हात जातो. केले सगळे एकसारखे. तांबडा रंग उठून दिसत होता, म्हणून तांबडे. आणि दुपारी काय गोंधळ! जी पन्नासेक माणसं जहाजातनं हललीच नव्हती, ती बेटावर हरवली. भोंगे वाजले, होड्या परत सुटल्या, रानात शिरून नावानं हाका मारतायत, आणि ज्यांना हाका मारतायत ते वर कठड्याला टेकून फोटो काढतायत. बाई पण त्यांच्यातच. मला बोलतात कशा, गोदा, कोणीतरी हरवलंय वाटतं, बिचारं!

मग कॅप्टन चौकशीला आला. मी बाईंच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले. बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि त्याला बोलल्या, माझ्या हातनं झालं, म्हातारी हाय मी, चुकलं. त्यानं त्यांना बिस्किटांचा डबा दिला. अशी बाई हाय ती, दादा. डबा अजून अर्धा शिल्लक हाय, काल चहाबरोबर काढला तर बाई बोलल्या, राहू दे, मनोजला — काल म्हंजे, फोनवर. जहाजावरनं फोन आलेला. त्या बोलल्या, डब्यातली चार मनोजला ठेव. फोनवर बोलल्या.

खरं सांगू का, आमची सफर मधेच एकदा नासली. एका बेटावर फोनला टॉवर मिळाला आणि मालोजीचा निरोप आला, आवाजातला. अकरा मिनिटांचा! जो माणूस जेवायला वाढ म्हणून पण तोंड उघडत नाय, तो अकरा मिनिटं — त्यातली चार नुसता श्वास, पण बाकीचं सगळं कामाचं. टेप घेऊन माणसं आली होती, दोन गाड्या. विहिरीभोवती चुन्याची फक्की मारली, आंब्यांना नंबर घातले, आणि आमची मागची खोली दाखवून एकजण बोल्ला, इथं पोहायचा टँक. तुमाला वाटलं मालोजी मुका. मी ते बाईंना ऐकवलं. ऐकवायला नको होतं? मला पण आधी तसंच वाटलं. पण वाईट वाटलं हो मला, खोटं कशाला बोलू. त्या खोलीच्या दारातनं माझ्या दोन पोरी सासरी गेल्या. आईला सफर घडवलीत का घर मोकळं करून घेतलंत, असं आलं माझ्या मनात, आलं ते आलं. आणि बाई? बाई रडल्या-बिडल्या नाय. बाईंना राग आला की भूक लागते. दोन थाळ्या मासा संपवला आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधून पहिल्या होडीत जाऊन बसल्या.

नाय, घरावरनं राग नाय त्यांचा. तुमाला काय वाटलं? घर काय डोक्यावर घेऊन जायचंय का मला, असं बोलायच्या. ती घर विकायच्या कागदांची फाईल तुमीच बॅगेत घातलेलीत ना, स्वेटरच्या खाली, पेनासकट? त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टेबलावर ठेवली होती. सही करणारच होत्या. पण टॉवर मिळाला की त्यांचा फोन वाजायचा. त्या चष्मा लावायच्या, तुमचा निरोप बघायच्या, चष्मा काढायच्या. 'सही झाली का.' एवढंच. परत वाजायचा, परत चष्मा — 'सही झाली का.' शेजारच्या खोलीत एक गोरा म्हातारा होता, त्याची पोरगी त्याला रोज फोन करायची. भाषा कुठं येते आमाला, पण आवाजावरनं कळतं ना, जेवलास का, पडलास-बिडलास नाय ना. बाई मुद्दाम तिथं खुर्ची टाकून बसायच्या. वारा चांगला येतो बोलायच्या. वारा दुसऱ्या अंगाला होता.

— कोणाला लावताय? बाईंना? लावा की. लागायचा नाय, जहाजावर — हां. वाजतोय खरा. मागंच वाजतोय. तो... बाईंनी फोन इथंच पाठवला, माझ्याबरोबर. तिकडं चालत नाय ना. काल? कालचा फोन जहाजाच्या फोनवरनं आला. दुसरा असतो, कॅप्टनचा. — बंद झाला? होतो आपोआप. मालोजीनं केला असंल. — नाय, मालोजी भिवपुरीला गेलाय सकाळीच, त्याच्या भावाकडं — मघाशी? मघाशी मी भांडी बोलले होय? मांजर असंल मग.

बसा. बसा बोलतेय ना. मागं जायचं नाय, तिथं सारवलंय, ओलं हाय. तुमी मला अडकवताय, दादा, मी साधी बाई. एवढं सांगते, आणि हे पण सांगायचं नव्हतं: बाईंनी एक ठरवलंय. तुमी एक गोष्ट बोललात तर त्या सही करतील. लगेच, जिथं बोट दाखवाल तिथं. नाय बोललात तर नाय. कुठली ते मी सांगणार नाय, मला माझ्या नातवाची शपथ घातलीय. — नाय, भाव नाय. — नाय, रोख पण नाय. — समुद्राकडची खोली? त्यांनी समुद्र बघितला आता पोटभर. — नर्स? चोवीस तासांची? नाय. तिकडं तर जाऊच नका. — रियाताई माफी मागतील? सूनबाईंना कशाला मधे घेता, त्यांनी काय केलंय. — नाय. — नाय हो, मालोजीला आणि मला पैसे दिलेत तरी ते नाय ते. तुमी एवढे मोठ्या कंपनीत, आणि एवढं सुचत नाय?

बरं हाय, नका वळखू. माझं तर त्यातच भलं हाय. सही झाली नाय तर माझी खोली राहते, आंबे राहतात, मालोजी म्हातारपणी दुसऱ्याच्या दारात जात नाय. म्हणून तर तुमी आल्यापास्नं मी तोंड बंद केलं नाय — कुसळं सांगितली, बिल्ले सांगितले, तुमाला मधे जागाच ठेवली नाय, न जाणो चुकून बोलून बसाल. बघा, हे पण बोलून गेले. सफरीनं जीभ सैल झाली माझी.

आता निघा. फाईलचं इचारलंत, तिकिटाचं इचारलंत, जहाज परत कधी, ती टेपवाली माणसं पुन्हा आली का, सगळं इचारून झालं. आणखी इचारायचं काय राहिलंय का? बघा बरं आठवून. नाय ना? मग उठा, चौकचा फाटा दुपारनंतर अडकतो. नाय, उद्या येऊन काय होणार, बाई उद्या पण जहाजावरच असतील. रियाताईंना सांगा गोदानं इचारलं. आणि फाटक लावून घ्या, गुरं शिरतात. — जरा वर उचलून लावा, कडी बसत नाय ती. — अजून वर. — हां.

काय? काय बोललात? गाडी बंद करा ती आधी, काय ऐकू येत नाय इथवर.

...

'आई कशी हाय?' — असंच इचारलंत ना?

...

मला आलं हो ऐकू. पण मी ऐकून काय उपयोग. या, इकडं आत या, आणि मोठ्यानं इचारा, दादा. मागल्या पडवीत ऐकू जात नाय.