दारातली बोगनवेल

डोळ्यांच्या दवाखान्यात शुक्रवार पेठेतल्या नीलम्मा आणि सांगोल्याच्या फुलाबाई थेंब घालून, डोळे मिटून बाकावर बसल्या होत्या. शेजारच्या सोनालीला त्यांचं बोलणं ऐकण्यावाचून दुसरं काम नव्हतं.

“दारात बोगनवेल आहे आमच्या. दोन वर्षं झाली, एक फूल नाही. नुसता पाला,” नीलम्मा म्हणाल्या.

“खत काय घालता, अक्का?”

“शेणखत, पेंड, सगळं. आणि पाणी रोज सकाळी बादलीभर. एक दिवस चुकत नाही.”

“तितंच चुकतंय की! तिचे लई लाड करायचे न्हाईत. आमच्या शाळंच्या कुंपणाला हाय. टँकरच्या साली लई फुलली. माती वाळून पानं मलूल झाली, की मगच पाणी द्यायचं.”

“पण आमचे मालक होते तोवर भरभरून फुलायची हो.”

“ते कसं घालायचे पाणी?”

“विसरायचे. आठ-आठ दिवस. रोज भांडायची मी त्यावरून.”

“मग आता तुमी बी विसरा की.”

सोनालीचा नंबर पुकारला. ती लगेच उठली नाही.

“आणि भांडू कधी त्यांच्याशी? पाणी घालतानाच भांडते की मी अजून.”