फुकट, पण नावासकट

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या शिंप्याचे कान शेजारच्या मायलेकींकडे लागले होते.

“आई, या दवाखान्याच्या ॲपमधला रांग लावणारा कोड मी लिहिलेला आहे.”

“तूच फुकट वाटला होतास ना?”

“फुकट, पण माझं नाव आणि परवाना सोबत ठेवायच्या अटीवर. ॲपवाल्यांनी नावच पुसलं.”

“मग तुझाच कशावरून?”

“कोडमधली माझी टीप पुसायला ते विसरले. ‘आईचा फोन आला, उरलेलं जेवल्यावर.’”

“अगं बाई! मग?”

“मग काय, ॲपवाले नाक मुठीत धरून आले. बघ, फोनवर, ॲपच्या पानाच्या तळाशी माझं नाव लावलंय. अक्षर बारीक आहे हं.”

शिंप्यानेही हळूच मान वाकवली.

“सत्तेचाळीस नंबर!” आतून हाक आली.

“आई, चल, आपला नंबर.”

“थांबू दे डॉक्टरांना! चष्म्याशिवाय वाचतेय मी.”