तिनानं भाग जाणारी

दातांच्या डॉक्टरनं सगळ्यांना एकच वेळ दिली होती. आम्ही बसलो ताटकळत, आणि शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं फुकटात कानावर पडलं.

"ताई, आज त्या गणिताच्या सरांना होकार कळवतेय."

"एवढी कशानं पाघळलीस?"

"त्यांनी लिहिलंय, तुझा मोबाइल नंबर मूळ संख्या आहे. ती स्वतः आणि एक, यांशिवाय कुणीच तिला भागू शकत नाही. तो एक म्हणजे मी."

"दहा आकडी संख्या? तपासली त्यानं?"

"दोन दिवस खपले म्हणे."

"अंकांची बेरीज कर बघू."

"थांब हं... एकावन्न."

"एकावन्नला तिनानं भाग जातो, म्हणजे तुझ्या नंबरलाही जातो. कसली डोंबलाची मूळ संख्या!"

"अगं बाई! विचारतेच आता."

"काय म्हणतोय?"

"म्हणतायत, माफ कर, तपासला तो नंबर दुसरीचा होता."

"बघ! मेल्यानं एकच गणित दोघींना घातलं, आकडेसुद्धा न बदलता. आता काय खरडतेयस?"

"लिहिलं, सर, जिचं उत्तर बरोबर आलं, तिलाच विचारा."