बघायचं नाही

पेटंट कार्यालयातल्या बाकावर माझ्या शेजारी एक काका आणि एक बाई आपापली पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

"तुमचं कशातलं, काका?"

"वकील म्हणालेत, अर्ज नोंदवेपर्यंत कुणाला दाखवायचं नाही. नवेपणा जातो म्हणे."

"मलाही तेच बजावलंय. नुसता विषय सांगते, भिंतीचा रंग."

"माझं कपड्यांतलं. पुढे विचारू नका, ताई. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"घरीही नाही दाखवलंत?"

"बायकोला दाखवलं. म्हणाली, चला, माझी सकाळची एक ड्यूटी सुटली."

"बरं, कोटाची बटणं लावून घ्या. आता तुम्हालाच बोलावतील, आणि आत एसी फार आहे."

"हा उजवा हात आजारपणापासून नुसता शोभेला आहे हो."

"मी लावून देऊ?"

"नको. पिशवीत आहे ना माझं... घ्या, बोललोच शेवटी."

"मी काही ऐकलं नाही. काढा ते बाहेर. मी डोळे मिटते."

"आणि हे शेजारचे?"

मीही मिटले. पिशवीची चेन उघडली, मग थांबत थांबत बारीक टक् टक् असा आवाज आला.

"झालं. उघडा डोळे. बघितलं नाहीत ना?"

"नाही, काका. पण बाजारात आलं की पहिलं माझ्या सासऱ्यांसाठी ठेवा. दिवसभर उघड्या शर्टाने बसून असतात, पण बटणाला कुणाचा हात लागू देत नाहीत."