मोमिनाच्या कुत्र्याची सुई

बाले डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी, कुत्र्यांना रेबीजची सुई टोचून घ्यायला रांग लागली होती. सकाळपासून आपला कुत्रा शोधणाऱ्या मोमिनाला तो तिथं दिसला, शेजारच्या गमादाच्या हातातल्या दोरीला. ती गुपचूप मागं उभी राहिली.

“गमादा, तू कुत्रा कधी पाळलास?” रांगेत पुढं उभ्या म्हाताऱ्यानं विचारलं.

“मोमिनावहिनीचा आहे, काका. सुई टोचली की कुत्रा राखणीला भुंकत नाही, असं घेऊन बसलीय. मग मीच उचलून आणला.”

“तुला कशाला एवढा पुळका?”

“माझ्या जवाच्या शेताजवळ लांडगिणीनं पाच पिल्लं घातलीत. ती खाते म्हणून पिकातले उंदीर निम्म्यावर आलेत. मागं कुत्र्यांचा हाच रोग लागून लांडगे पटापट मेले, ते आत्ता कुठं परत दिसायला लागलेत.”

“आणि वहिनीला कळलं तर?”

“लांडगीण परवडली, काका.”

इतक्यात गमादाचा नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी वही उघडली.

“मालकाचं नाव?”

गमादा डोकं खाजवू लागला.

“मोमिना लिहा,” मागून आवाज आला. “आणि टोचून झाल्यावर हा भुंकला नाही, तर माझ्या गोठ्यापाशी भुंकायला गमादाभावजी येणार आहेत, तेही लिहा.”