उस्तेद म्हणजे तुम्ही

सुमन : नाही, आज क्रियापदं नकोत. वही मीट आणि आधी हे ऐक. उत्तर आलंय.

कॅल्विन : कोणाचं? त्या एक्वादोरच्या बाईंचं? काकू! आणि मला स्कूटर लावून, चपला काढून, पाणी पिऊन होईपर्यंत थांबवलंत?

सुमन : दारात सांगितलं असतं तर चपलांसकट आत आला असतास.

जगन्नाथ : सकाळी आठला आलंय उत्तर. बारा वेळा वाचून झालंय तिचं. आज दुपारी आम्ही भात नाही, खिमट जेवलो.

कॅल्विन : तुम्ही स्वतः वाचलंत? स्पॅनिशमध्ये?

सुमन : सात शब्दांना शब्दकोश लागला. बाकीचं माझं मला कळलं. हे घे, बघ.

कॅल्विन : मला नका देऊ काकू, तुम्हीच वाचा. माझं ठाऊक आहे ना तुम्हाला? कानाने उचललेली भाषा. कागदावर समोर आली तर ओळखसुद्धा दाखवत नाही.

सुमन : मग मराठीतच सांगते. 'प्रिय सेन्योरा सुमन. तुमचं पत्र मी उभ्याने वाचलं. मग नवऱ्याला हाक मारली, त्यानेही उभ्यानेच वाचलं. सासूबाई गेल्यापासून या घरात मला इतके हुकूम कोणी सोडले नव्हते.'

कॅल्विन : हुकूम? आपण कुठे हुकूम सोडले?

सुमन : पुढे ऐक. 'तुम्ही लिहिलंय : रोसाल्बा, सांग. केळी कशी वाळवतेस ते दाखव. इकडे ढग आहेत. हल. लवकर.'

कॅल्विन : 'मुएवेते.' ते म्हणजे... चला, होऊन जाऊ दे, असं काहीतरी ना? शिपवर आमच्या किचनमध्ये सगळे असंच बोलायचे.

सुमन : ते म्हणजे 'हल'. बैलाला म्हणतात तसं. अजून संपलं नाही. 'आणि शेवटी, तुमच्या नावाच्या अगदी वर, तुम्ही लिहिलंय : माझा विश्वासघात करू नकोस.'

जगन्नाथ : ते कॅल्विनचं नाही हं. ते टीव्हीचं.

सुमन : मालिकेत ती बाई दर वेळी निघताना तेच म्हणते. मला वाटलं, निरोप घ्यायची रीत असेल. आपलं 'कळावे, लोभ असावा' तसं.

जगन्नाथ : कॅल्विन, आठ महिने झाले. सूनबाईने, दिशाने, लावून दिली ती स्पॅनिश मालिका, आणि स्वतः जाते अंधेरीला कामावर. मी आहे घरात. रोज दुपारी माझ्या दिवाणखान्यात एक परकी बाई ओक्साबोक्शी रडते. मलासुद्धा आता 'हे मूल तुझं नाही' एवढं स्पॅनिश येतं. आगाशीच्या बाजारात ते कुठे वापरू सांग.

कॅल्विन : काका, बाजारात नकाच वापरू. पण काकू, त्या चिडल्यात का? शेवटी काय लिहिलंय?

सुमन : 'मी तुमचा विश्वासघात करणार नाही. पण केळं वाळवणं लिहून सांगता येत नाही, हाताने दाखवावं लागतं. गुरुवारी आमच्या सकाळी नऊ वाजता फोन करते. तोंड बघायचंय तुमचं.'

कॅल्विन : गुरुवार म्हणजे आज! त्यांचे नऊ म्हणजे आपले... साडेसात. काकू, सव्वासात वाजलेत.

सुमन : मला माहीत आहे किती वाजलेत. नवी साडी उगाच नेसले का?

जगन्नाथ : मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, मोबाइलमध्ये मराठीत बोल, तो करतो भाषांतर. दिशा करून देत होती. पण नाही. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी हिला क्रियापदं हवीत.

सुमन : केलं होतं ना दिशाने. 'केळ्याला घाम सुटतो' लिहिलं, तर त्या यंत्राने काय केलं? 'केळं घाबरलं आहे.' त्यावर तिने काय उत्तर द्यायचं? त्याला धीर द्या म्हणून? आणि अहो, घरातली रीत कोणी यंत्राला सांगतं का? माणसाने विचारलं तर माणूस सांगतो.

जगन्नाथ : एवढं करून सांगितलं नसतं तर?

सुमन : तर तुम्ही राजेळी केळी उपटून सोनचाफा लावणार होतात.

जगन्नाथ : होतो नाही, आहे. चैत्रापर्यंत थांबतो म्हणालोय. कॅल्विन, तूच बघितलंस ना मागच्या मार्चात? तीनशे राजेळी सोलून माचीवर घातलेली. चार दिवस नुसते ढग. पाचव्या दिवशी बुरशी. अख्खी बाग आठ-नऊ महिने राखायची आणि शेवटी गाईपुढे टाकायची. चाफ्याला ढग चालतात.

सुमन : माझ्या सासूबाईंनी पंचेचाळीस वर्षं सुकेळी केली. एक वर्ष चुकलं नाही. मी त्या आठवड्यात जेवले नव्हते कॅल्विन. आणि तेव्हाच दिशाच्या फोनवर एका व्हिडिओत ही रोसाल्बा दिसली. मागे डोंगर, डोक्यावर काळंभोर आभाळ, आणि ही खुशाल हसत केळी उलटतेय. मधाच्या रंगाची. काय बोलतेय ते कळत नव्हतं, पण हिला काहीतरी ठाऊक आहे एवढं कळलं.

कॅल्विन : आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही नंदाखालला माझ्या दारात. 'तू बोटीवर स्पॅनिश शिकलास म्हणे. मला शिकव.' घरी अँजेलिना अजून हसते.

सुमन : आता त्यावरूनच एक विचारते. रागावू नकोस. हे गोष्टीचं पुस्तक. लहान पोरांचं आहे, पण मला दोन महिने लागले. यात कोंबडी कोल्ह्याला 'उस्तेद' म्हणते. मला वाटलं, कोल्ह्याचं नाव. मग चार पानांनी कोल्हा कोंबडीला 'उस्तेद' म्हणाला. आणि आज बघते तर रोसाल्बानेही मला तेच लिहिलंय.

कॅल्विन : बरं?

सुमन : शब्दकोशात काढलं. 'उस्तेद' म्हणजे 'तुम्ही'. त्यांच्यातही आपल्यासारखंच आहे रे, तू वेगळं आणि तुम्ही वेगळं. 'दीमे' म्हणजे सांग. पण 'दीगामे' म्हणजे सांगा. वर्षभर तू मला नुसतं 'तू' शिकवलंस. मी त्या अनोळखी बाईला तू म्हणाले, हल म्हणाले. हे का नाही सांगितलंस?

जगन्नाथ : सुमन, असू दे ना.

कॅल्विन : नाही काका, बरोबर विचारतायत त्या. मला... काकू, मला माहीतच नव्हतं.

सुमन : चौदा वर्षं होतास ना त्या लोकांत?

कॅल्विन : कुठे होतो ते बघा ना. सगळ्यात खाली, किचनमध्ये. कांदे सोलण्यापासून सुरुवात. मोठा शेफ स्पेनचा, त्याच्या हाताखाली पेरूची, कोलंबियाची पोरं. उचल. काप. सरक. मागे हो, गरम आहे. अजून झालं नाही? हल. एवढ्यावर चौदा वर्षं निघाली. 'उस्तेद' कधी कानावर पडला असेल, नाही असं नाही. पण तो वरच्या डेकवर असायचा, पाहुण्यांसाठी. खाली आमच्याकडे उतरला नाही. मला वाटलं, ती भाषाच तशी आहे.

सुमन : ...आणि मी तुलाच विचारतेय, का नाही शिकवलंस म्हणून.

कॅल्विन : चुकीचंच शिकवलं ना पण. आणि गावभर सांगत फिरलो, आगाशीच्या काकूंना स्पॅनिश मी शिकवतो. प्रिस्का परवा चर्चबाहेर विचारत होती, पोरीला पाठवू का तुझ्याकडे. नको म्हणून सांगतो तिला.

सुमन : काही सांगायचं नाही. मी नीटनेटकं, पुस्तकातलं पत्र लिहिलं असतं ना, तर रोसाल्बाने वाचून बाजूला ठेवलं असतं. तुझं 'हल' वाचून तिने नवऱ्याला हाक मारली. आज ती फोन करतेय तो त्या 'हल'मुळे.

जगन्नाथ : आणि विश्वासघातामुळे. टीव्हीलाही श्रेय द्या.

(फोन वाजतो.)

सुमन : आला! अहो, चष्मा!

जगन्नाथ : डोळ्यांवर आहे.

कॅल्विन : हिरवं दाबा काकू. मी ओट्यावर थांबतो.

सुमन : कुठे निघालास?

कॅल्विन : नको, माझ्या तोंडून भलतंच निघेल काहीतरी.

सुमन : कॅल्विन, सिएन्ताते! हे तूच शिकवलंस. बस इथे.

रोसाल्बा : सेन्योरा सुमन? मे एस्कूचा?

सुमन : ब्वेनास... थांब, तिची सकाळ ना? ब्वेनोस दीआस, सेन्योरा रोसाल्बा. कोमो एस्ता उस्तेद?

रोसाल्बा : आय, के लिंदा! मुई ब्येन, मुई ब्येन, ग्रासियास आ दिओस, मीरे, मीरे, आकी एस्ता मी मारीदो...

सुमन : अगं बाई, ही तर थांबतच नाही. पुस्तकात दोन शब्दांच्या मधे जागा असते रे!

कॅल्विन : तुम्ही गोड दिसता म्हणाल्या. फोन नवऱ्याने धरलाय. आता शेडकडे नेतायत.

सुमन : मास देस्पासियो, पोर फावोर. हळू, हळू.

कॅल्विन : हां, आता हळू बोलतायत. ऐका. ऊन नसेल तर उन्हाची वाट बघत बसायचं नाही. खाली पत्र्याचे ट्रे, त्यात निखारे, निखाऱ्यांवर राख. जाळ नको, धूर नको. नुसती ऊब. केळी वर जाळीवर.

जगन्नाथ : जाळी किती वर?

सुमन : तुम्ही खुर्ची कधी ओढलीत इकडे?

जगन्नाथ : ते राहू दे. किती वर, विचार.

कॅल्विन : कमरेएवढी. ते बघा, उभं राहून दाखवलं.

जगन्नाथ : आणि निखारे कसले? लाकूड कुठलं वापरतात?

सुमन : के लेन्या, सेन्योरा? दीगामे.

रोसाल्बा : दे काफे.

जगन्नाथ : कॉफी? आगाशीत कॉफीची झाडं कुठून आणू? करवंट्या चालतील का विचार. पोती भरून पडल्यात मागे. करवंटीचा निखारा तासन्‌तास राहतो.

सुमन : करवंटी... हा शब्द नाही रे भेटला मला. मालिकेत कोणी नारळच फोडत नाही.

कॅल्विन : कास्कारा दे कोको! सेन्योरा, कास्कारा दे कोको, सी ओ नो?

रोसाल्बा : क्लारो के सी!

कॅल्विन : चालतील म्हणजे काय, पळतील! आणि काकू, हे महत्त्वाचं. आपण पहिल्या संध्याकाळी केळी कपड्यात गुंडाळतो ना? आभाळ असेल तर गुंडाळायची नाहीत म्हणतायत. पहिल्या रात्री उघडीच ठेवायची, ऊब चालू. नाहीतर घाम आतच राहतो आणि बुरशी धरते.

सुमन : घाम म्हणाली? तोच शब्द? की तू लावलास?

कॅल्विन : तोच. 'सुदार.' किचनमध्ये दुसरं काय करायचो आम्ही? घामच.

सुमन : म्हणजे तिकडेही केळ्याला घामच येतो. ऐकलंत का हो? घामच म्हणतात.

जगन्नाथ : ऐकलं. पहिल्या रात्री उघडी. मी लिहून घेतोय.

रोसाल्बा : ई उस्तेद, सेन्योर? किएन एस उस्तेद?

सुमन : कॅल्विन. अरे, तुला विचारतायत.

कॅल्विन : मला?

सुमन : दुसरं कोण आहे? तुम्ही कोण, म्हणतायत. सांग.

कॅल्विन : काय सांगू काकू? मला 'उस्तेद' म्हणाल्या त्या. तुम्हीच उत्तर द्या.

सुमन : मग मी देते. एस मी माएस्त्रो, सेन्योरा. माझे मास्तर आहेत.

रोसाल्बा : आ, माएस्त्रो! मुचो गुस्तो, माएस्त्रो!

कॅल्विन : मुचो गुस्तो, सेन्योरा. मुचो... काकू, तुम्ही बोला. मी पाणी पिऊन येतो.

जगन्नाथ : तिला म्हणावं, पहिली खेप वाळली की फोटो पाठवतो. आणि म्हणावं, सुकेळी पाठवली असती, पण एवढ्या लांब कशी पाठवायची ते बघावं लागेल.

सुमन : एवढं सगळं मला नाही येत अजून. 'ग्रासियास' म्हणते. मुचास ग्रासियास, सेन्योरा. आस्ता प्रोंतो. ...ठेवला. अहो, ठेवला तिने. वीस मिनिटं बोलले मी!

जगन्नाथ : बोललीस. उद्या सकाळी विरारला जाऊन जाळी बघतो. लोखंडी नको, गंजते.

सुमन : आणि सोनचाफा?

जगन्नाथ : बांधाला लावू दोन. देवाला होतील. कॅल्विन, अरे आत काय करतोयस? पाणी पितोयस की आंघोळ?

कॅल्विन : आलो काका. तोंडावर मारलं जरा.

सुमन : प्रिस्काच्या पोरीला पाठव म्हणावं. तिला बोलायला तू शिकव, वाचायला मी शिकवते. पण मालिका तिच्या घरी बघू दे, यांना सोसायची नाही. आणि आज जेवल्याशिवाय जायचं नाही. ताट वाढतेय.

कॅल्विन : घरी कळवतो मग. हॅलो, अँजेलिना? ऐक ना, मी काकूंकडे जेवून येतोय... हो, हो, बोलल्या, मस्त बोलल्या... माझा आवाज? बरा आहे की... नाही गं, कोणी काही म्हणालं नाही... खरंच. आज तास जरा लांबला, एवढंच.