साहेबांचा आवाज मी काढला

नाव विचारलं. सगळे नकल्या म्हणतात, तेच लिहा. वय एकोणीस. धंदा, काकाबरोबर दगडाच्या भिंती रचतो. राहणार टेकडीच्या उतारावर. तुमच्या कागदात ज्यांना अतिक्रमण म्हणतात त्यातलंच एक घर.

समक्ष येऊन सांगतो की, जीपवरचा भोंगा मी चोरला. त्यातून तुमच्या मोठ्या साहेबांच्या आवाजात बोललो तो मीच. काकाने तुम्हाला ‘मीच बोललो’ असं सांगितलंय, ते खोटं आहे.

उतार आमच्या लोकांचा आहे, हे शहर नव्हतं तेव्हापासून. आमची मेलेली माणसं तिथेच पुरलेली आहेत. शहराला तिथे हॉटेलच्या गाड्या लावायच्या आहेत. म्हणून काकाने सगळ्यांना गोळा केलं आणि आम्ही रस्त्यात ओंडके आडवे टाकले. अलीकडे आम्ही, पलीकडे तुमचे लोक आणि माती काढायचं मशीन. पहिल्यांदा शिव्या झाल्या, मग दोन्हीकडचे कंटाळले. तुमचा एक शिपाई मला म्हणायचा, “नकल्या, साहेब काढ ना साहेब.” मी काढायचो. तो हसून हसून खोकायचा. कोण ते सांगणार नाही.

काकू दुपारी दोन्हीकडे पाणी वाटायची. काका म्हणायचा, “त्यांना कशाला?” काकू म्हणायची, “तहान काय कोर्टाला विचारून लागते?” काका तोतरा आहे. त्याचं ‘कशाला’ पुरं होईपर्यंत ती पाण्याचा जग भरून निघालेली असायची.

त्या दिवशी जीपच्या बॉनेटवर भोंगा पडलेला होता, जवळ कोणी नव्हतं. मी उचलला, ओंडक्यामागे येऊन बसलो आणि म्हणालो, “सगळे मागे फिरा. मशीन मागे घ्या. ऐकू येत नाही का, गाढवांनो?” साहेब असंच बोलतात. तुमचे लोक फिरले. आमचे लोक हसले. मीपण हसलो. मशीनवाल्याने मशीन मागे घेतलं.

काकू मशीनच्या मागे होती. मशीनवाल्यालाच पाणी घेऊन चालली होती.

जग मी उचलला. स्टीलचा आहे. त्याला काही झालं नव्हतं. तळाला थोडं पाणीपण होतं.

काकाने माझ्या हातातून भोंगा काढून घेतला. म्हणाला, “तू झऱ्यावर होतास.” एवढं बोलायला त्याला खूप वेळ लागला. मी म्हटलं, नव्हतो. तो म्हणाला, “होतास.” मग तो भोंगा घेऊन तुमच्याकडे चालत आला.

हवालदारसाहेबांनी विचारलं, पुरावा काय? मी म्हटलं, काकाच्या हातात भोंगा द्या आणि तेच वाक्य म्हणायला लावा, आणि सोबत जेवणाचा डबा ठेवा, संध्याकाळ होईल. ते म्हणाले, शहाणपणा नको, तूच म्हणून दाखव. मी म्हणून दाखवलं. बाहेर बाकावर बसलेले दोन शिपाई टोप्या घालून ताडकन उभे राहिले. हवालदारसाहेब म्हणाले, हे लिहायचं नाही. मी म्हटलं, मग मी सही करत नाही. तेव्हा लिहिलं.

काका आत गेल्यापासून आमच्याकडे कोणी कोणाचं ऐकत नाही. निम्मे ओंडके निघाले. काकू अजून दवाखान्याच्या तळघरात आहे. काकाशिवाय तिला कोणाच्या ताब्यात देत नाहीत. तिची जागा उतारावर आहे, त्यांचा मुलगा पुरलाय त्याच्या शेजारी. मशीन काल तिथपर्यंत आलं.

हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी बोललो तसंच आहे, फक्त ‘गाढवांनो’ हवालदारसाहेबांनी हळू वाचलं. सही करतो.

आता हात जोडून एक मागतो. मी इथे आलो होतो हे काकाला कळू देऊ नका. कोणालाच बोलू नका. ‘मी झऱ्यावरच होतो’ असंच मी सांगत राहिलो, असं त्याला वाटू दे. तुम्हीच शोधून काढलं म्हणा. तुमचंही जरा नाव होईल.